लांडगा राजाला खातो तेव्हा : किमयेची चित्रं कशी वाचावीत

किमयेची, म्हणजे साध्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येची (अल्केमीची), जुनी चित्रं इंटरनेटवर ढिगाने सापडतात आणि त्यांच्याखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘आत्मशुद्धीचं प्रतीक’. ही ओळ कुठल्याही चित्राखाली खपते, म्हणूनच ती काही सांगत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात ज्या ग्रंथांसाठी ही चित्रं कोरली गेली, त्यांच्या अनेक लेखकांना भट्टीची चांगली माहिती होती. राजा, लांडगा, गरुड, ड्रॅगन यांच्या आड त्यांनी ठरावीक पदार्थ आणि ठरावीक कृती दडवल्या. त्या उलगडता येतात. मात्र ‘अमुक प्राणी म्हणजे तमुक पदार्थ’ अशी यादी पाठ करून हे जमत नाही.

पद्धत शिकायला बाझिल व्हॅलेंटाइनच्या नावावर असलेल्या ‘बारा किल्ल्या’ सर्वांत सोयीच्या. या ग्रंथाचं प्रत्येक प्रकरण म्हणजे एक ‘किल्ली’. व्हॅलेंटाइन हा पंधराव्या शतकातला बेनेडिक्टाइन मठवासी होता अशी समजूत होती, पण असा माणूस होऊन गेल्याचा पुरावा नाही. ग्रंथ १५९९ मध्ये जर्मनीत छापला गेला, तो योहान थ्योल्डे या मिठाच्या धंद्यातल्या माणसाने पुढे आणला. पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती, लाकडी ठशांची चित्रं १६०२ च्या आवृत्तीत आली आणि आज सर्वत्र दिसणारी सुबक ताम्रपटचित्रं जर्मन वैद्य आणि किमयागार मिखाएल मायरने १६१८ मध्ये फ्रँकफुर्टला काढलेल्या लॅटिन संग्रहातली आहेत. हा क्रम आधी वहीत लिहून ठेवा. मजकूर आधीचा आणि चित्र नंतरचं, त्यामुळे दोघांत विसंगती आढळली तर मजकुराचं ऐका.

हाताशी काय ठेवायचं

चित्राची मूळ प्रत हवी. वेलकम कलेक्शन, वोल्फेनब्युटेलचं हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालय, अमेरिकेतली सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट यांनी अशा ग्रंथांच्या प्रती स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. मायरचा ५० चित्रांचा आणि ५० फ्यूगांचा (अनेक आवाजांच्या गीतांचा) ‘अटलांटा फुगियन्स’ ब्राउन विद्यापीठाने संगीतासह ऑनलाइन मांडला आहे. तिथून चित्र उतरवून घ्या, पिंटरेस्टवरून नको. पिंटरेस्टवरची पुष्कळ चित्रं आधुनिक हातांनी रंगवलेली असतात. मायरची पानं काळ्या शाईत छापली गेली होती, तेव्हा राजाचा लाल झगा पाहून त्यातून ‘लाल अवस्था’ (किमयेच्या कामाची शेवटची पायरी) काढणं म्हणजे आजच्या रंगाऱ्याचं मन वाचणं झालं. ‘स्प्लेंडर सोलिस’ किंवा रिप्लीच्या गुंडाळ्या यांची गोष्ट वेगळी. ती हस्तलिखितं मुळातच रंगवलेली आहेत, तिथे रंग हा पुरावा धरता येतो. आणखी एक काळजी घ्या. दुसऱ्या आवृत्तीवरून नक्कल कोरताना छापलेलं चित्र अनेकदा आरशासारखं उलटं होई. त्यामुळे उजवं-डावं यावर काही निष्कर्ष बेतण्याआधी दोन आवृत्त्या शेजारी ठेवा.

चित्रासोबतचा पूर्ण मजकूर हवा. मजकुराशिवाय चित्र उलगडायला बसू नये. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषांतरं चटकन मिळतात, पण त्यांत तांत्रिक शब्दांची गल्लत असते. निदान पदार्थांची नावं तरी मूळ जर्मन किंवा लॅटिनमध्ये तपासा.

सात धातू आणि सात ग्रहांचा तक्ता लागेल : सोनं सूर्य, चांदी चंद्र, पारा बुध, तांबं शुक्र, लोखंड मंगळ, कथील गुरू, शिसं शनी. किमयेच्या ग्रंथांतला हा भाग त्यातल्या त्यात स्थिर आहे. बाकी सगळं लेखकागणिक बदलतं.

आणि एक साधं रसायनशास्त्राचं पुस्तक हवं, वितळणबिंदू आणि अणुभार पाहायला. प्रतीकांच्या कोशापेक्षा ते जास्त वेळा उघडावं लागेल.

पहिली किल्ली : आधी फक्त यादी

चित्रात राजदंड घेतलेला राजा आहे, हाती फुलं घेतलेली राणी आहे. राजाच्या बाजूला जाळावर मूस ठेवलेली असून तिच्यावरून एक लांडगा झेप घेतो आहे. राणीच्या बाजूला लाकडी पायाचा म्हातारा हातात विळा घेऊन उभा आहे आणि त्याच्यापाशीही जाळावर एक भांडं आहे. एवढंच लिहा. अर्थ लिहू नका. भांडी, जाळ, कोण कोणाजवळ आहे, किती जण आहेत, हे आधी नोंदवायचं. नवखे वाचक लगेच राजा-राणीच्या ‘दैवी विवाहा’कडे धावतात आणि भांड्यांकडे पाहतच नाहीत. खरं तर या चित्राचा उलगडा त्या दोन भांड्यांत आहे.

आता तक्त्याने जेवढं सुटतं तेवढं सोडवा. राजा सोनं, राणी चांदी. विळेवाला लंगडा म्हातारा म्हणजे शनी, अर्थात शिसं. लांडगा तक्त्यात नाही.

मग मजकुराकडे वळा. तिथे लांडग्याबद्दल खुणा दिल्या आहेत : तो करडा आणि हिंस्र आहे, नावाने तो युद्धप्रिय मंगळाच्या ताब्यात असला तरी जन्माने म्हाताऱ्या शनीचं पोर आहे, डोंगरदऱ्यांत सापडतो आणि सदा भुकेला असतो. राजाचं शरीर त्याच्यापुढे टाकायचं, त्याने ते खाल्लं की मोठा जाळ करून लांडग्यालाच जाळायचं, म्हणजे राजा सुटतो. हे तीनदा केलं की सिंहाने, म्हणजे राजानेच, लांडग्यावर मात केली.

प्रत्येक खूण म्हणजे एक अट. सगळ्या अटी पुरा करणारा एकच पदार्थ शोधायचा. डोंगरात सापडतो, म्हणजे खनिज. रंग करडा. शनीचं पोर, म्हणजे शिशाशी नातं असलेलं. त्या काळी अँटिमनीला शिशाच्या कुळातलं मानत. नावात मंगळ, कारण जर्मनमध्ये या खनिजाला ‘श्पीसग्लान्स’ म्हणत आणि ‘श्पीस’ म्हणजे भाला. भूक, कारण ते इतर धातू गिळतं. हे सगळं बसतं ते स्टिब्नाइटला, म्हणजे अँटिमनीच्या सल्फाइडला. जुन्या ग्रंथात नुसतं ‘अँटिमनी’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा हे खनिजच अभिप्रेत असतं, शुद्ध धातू नव्हे. हा फरक विसरला की पुढची प्रत्येक कृती फसते.

उत्तर मुशीत तपासा

कागदावर बसलेला अर्थ अजून अंदाजच असतो. विचारायचं ते हे : हा पदार्थ भट्टीत खरोखर असाच वागतो का?

व्यवहारातलं सोनं क्वचितच निखळ असतं, त्यात चांदी आणि तांबं मिसळलेलं असतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं, स्टिब्नाइट साधारण ५५० ला. वितळलेल्या स्टिब्नाइटमध्ये सोनं टाकलं की ते आपल्या वितळणबिंदूच्या बरंच खाली विरघळत जातं, कारण सोनं आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू फार कमी तापमानालाही द्रव राहतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याला खनिजाने सोनं खाल्ल्यासारखंच दिसणार. आत घडतं ते असं : गंधक तांबं आणि चांदी यांना धरतं, त्यांची सल्फाइडं होतात. सोन्याला गंधक धरत नाही. मोकळं झालेलं अँटिमनी सोन्याशी मिसळून जड होतं आणि तळाशी बसतं, हलकी सल्फाइडं वर तरंगतात. थंड झाल्यावर वरची मळी फोडून काढायची आणि खालचा गोळा मोकळ्या हवेत खूप तापवायचा. अँटिमनी पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जातं आणि सोनं मागे उरतं. लांडगा जळाला, राजा सुटला.

तीनदा का? एका फेरीत सगळी चांदी निघत नाही, थोडी गोळ्यात राहतेच. फेऱ्या वाढवल्या की कस चढतो. आकडा इथे गूढ नाही, तो कामाचा आहे. सोन्याचा कस लावणाऱ्यांना ही रीत चांगली ठाऊक होती आणि स्टिब्नाइटला ‘धातूंचा लांडगा’ हे नावही रूढ होतं.

आता दुसरं भांडं. ती हाडांच्या राखेची सच्छिद्र वाटी. अशुद्ध चांदी शिशाबरोबर तापवून वर हवेचा झोत दिला की शिसं आणि तांब्यासारखे हिणकस धातू जळून त्यांचं ऑक्साइड होतं. ते वाटीत मुरतं आणि चकचकीत चांदी उरते. म्हणजे राणीची शुद्धी शनी करतो. पण या रीतीने सोन्यातली चांदी काढता येत नाही, कारण दोन्ही धातू वाटीत तसेच राहतात. राजासाठी वेगळा मार्ग हवा, म्हणून लांडगा. राजाशेजारी लांडगा आणि राणीशेजारी शनी ही मांडणी चित्रकाराच्या मर्जीची नाही. अदलाबदल केली असती तर कृती चुकली असती. चित्र बरोबर वाचलं गेल्याची याहून चांगली खात्री मिळत नाही.

हे घरी करून पाहू नका. अँटिमनीचा धूर विषारी असतो, खनिजात बरेचदा आर्सेनिक असतं, आणि शिशाची वाफ हळूहळू भिनते. वाचन पुरेसं आहे.

दुसऱ्या किल्लीचे दोन तलवारबाज

इथे बुधदेव मधे उभा आहे आणि दोन्ही बाजूंना तलवारी घेतलेले दोघे. एकाच्या तलवारीवर साप, दुसऱ्याच्या तलवारीवर पक्षी. मजकुरात आल्प्सच्या गरुडाचा आणि एका थंड ड्रॅगनचा उल्लेख येतो. हा ड्रॅगन फार काळ खडकांत राहून जमिनीच्या बिळांतून आत-बाहेर सरपटत असतो.

तीच रीत वापरा. गरुड उडतो, म्हणजे तापवल्यावर वाफ होऊन वर जाणारा पदार्थ. नवसागर असाच उडतो आणि वर पुन्हा घट्ट बसतो. ड्रॅगन थंड आहे, दगड-मातीत राहतो, भिंतींवर फुटून येतो : सोरा. जिभेला तो गारही लागतो. दोघांना एकत्र आणून ऊर्ध्वपातन केलं की अम्लराजासारखं, सोनं विरघळवणारं आम्ल मिळतं. भांडण लावलेले दोघे आणि त्यातून निघालेला द्रव, हे वर्णन इथे चपखल आहे. (अशा द्रावणातून काही क्षारांनी साका पाडला तर सोन्याचं अतिशय स्फोटक संयुग तयार होतं. पहिल्या किल्लीबद्दलचा इशारा इथे दुप्पट लागू.)

मात्र ‘गरुड म्हणजे नवसागर’ असं वहीत कायमचं लिहून टाकू नका. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. आयरेनियस फिलॅलीथीझ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज स्टार्कीकडे गरुड म्हणजे पाऱ्याचं एक शुद्धीकरण, आणि ‘इतके गरुड उडवा’ म्हणजे तेवढ्या वेळा ऊर्ध्वपातन करा. हिरवा सिंह तर कुणाकडे हिराकस, कुणाकडे आम्ल, कुणाकडे अँटिमनीचं खनिज. प्रत्येक लेखकासाठी वेगळं पान ठेवा, आणि एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांतही अर्थ सारखाच असेल असं धरू नका.

आकडे सापडले तर सोडू नका

लपवणारे लेखक पदार्थांची नावं झाकतात, प्रमाणं मात्र पुष्कळदा उघडी ठेवतात. स्टार्की बर्म्युडात १६२८ मध्ये जन्मला, हार्वर्डला शिकला, लंडनच्या १६६५ च्या प्लेगमध्ये गेला. त्याचा लॅटिन ग्रंथ १६६७ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि न्यूटनने त्याचा कसून अभ्यास केला. त्यात एक कृती अशी आहे : पोटात जादूचं पोलाद दडवलेला आपला अग्निड्रॅगन चार भाग, आपला लोहचुंबक नऊ भाग, जबर विस्तवात एकत्र करा, वरचा फेस काढून टाका.

पोलाद हा शब्द लोखंडाकडे बोट दाखवतो. मग लोखंडाला ओढून घेणारा ‘चुंबक’ कोण? स्टिब्नाइट धरून हिशेब करा. स्टिब्नाइटचा एक रेणू अँटिमनीचे दोन आणि गंधकाचे तीन अणू मिळून सुमारे ३४० वजनाचा. त्यातलं सगळं गंधक ओढून घ्यायला लोखंडाचे तीन अणू लागतात, वजन सुमारे १६८. म्हणजे गुणोत्तर दोनास एक. ग्रंथातलं नवास चार म्हणजे सव्वादोनास एक. खाणीतल्या खनिजात दगड-माती असतेच, ती वजा केली तर आकडा जवळजवळ नेमका बसतो. तळाशी मिळतो तो अँटिमनी धातू, आणि तो मळीच्या थराखाली सावकाश थंड झाला तर त्याच्या पृष्ठभागावर स्फटिकांचा तारा उमटतो. या ताऱ्याचं त्या काळच्या किमयागारांना फार अप्रूप होतं. घाईने थंड केलं किंवा वर मळीचा पुरेसा थर नसला तर तारा उमटत नाही.

आकडा बसला नाही तर दोन शक्यता : पदार्थ चुकीचा ओळखला, किंवा पदार्थ बरोबर पण त्या काळचा माल वेगळा. दुसरी शक्यता लोक विसरतात. इतिहासकार आणि रसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स प्रिन्सिपी यांनी व्हॅलेंटाइनच्या नावावरची अँटिमनीच्या पिवळ्या काचेची कृती शुद्ध रसायनं वापरून केली, तेव्हा काच होईना. पूर्व युरोपातलं खाणीतलं खनिज वापरल्यावर झाली. त्यात मुळातच थोडं गारगोटीचं सिलिका होतं आणि काच बनायला तेच हवं होतं. आजच्या बाटलीतला माल फार शुद्ध, म्हणून कृती खोटी वाटते.

रंगांचा क्रम

काळा, मग पांढरा, मग लाल. मधे कधी पिवळा, कधी नाना रंगांचा मोरपिसारा. कावळा किंवा कावळ्याचं डोकं काळ्यासाठी, हंस पांढऱ्यासाठी, फिनिक्स लालसाठी. जाड, अंड्याच्या आकाराचं काचेचं भांडं, तोंड वितळवून बंद केलेलं, आत पदार्थ थोडाच, आणि कित्येक महिने मंद आच : अशा भांड्यात दिसणाऱ्या बदलांची ही नोंद. एखाद्या चित्रमालिकेत कावळा हंसानंतर आला तर पानांचा क्रम बिघडला असण्याची शक्यता आधी तपासा, गूढ अर्थ नंतर. भांडं फुटण्याचं कारण मात्र साधं असतं : जास्त भरलं, किंवा आच एकदम वाढवली. ग्रंथांत घाईवर इतका राग का काढलेला असतो, हे यातून कळतं.

लाल अवस्थेनंतर मिळणारा ‘तत्त्वज्ञांचा दगड’ वाचताना मराठी मन लगेच परिसाकडे जातं. ते थांबवा. परीस लोखंडाला नुसता लागला की पुरतो. युरोपीय किमयागारांचा दगड ही जड, केशरी-लाल पूड, मेणात गुंडाळून वितळलेल्या शिशावर किंवा तापलेल्या पाऱ्यावर टाकायची. म्हणून तिथल्या चित्रांत सोन्याजवळ मूस आणि जाळ असणारच. तसंच आपल्या रसशास्त्रातला पारा-गंधक आणि शिव-पार्वतीचा संबंध युरोपातल्या राजा-राणीवर बसवायचा मोह होतो. सगळे धातू पारा आणि गंधक यांचे बनतात ही जी कल्पना युरोपात पोचली ती जाबिर इब्न हय्यानच्या नावावरच्या अरबी ग्रंथांतून, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने त्यात मीठ हे तिसरं तत्त्व घातलं. तिथला ‘गंधक’ अनेकदा जळण्याचा गुण असतो, दुकानातली पिवळी पूड नसते.

कुठे थांबायचं

प्रत्येक चित्रामागे कृती असतेच असं नाही. १५५० च्या ‘रोझारियम’ या किमयेच्या ग्रंथामध्ये शेवटाकडे मेरीचा राज्याभिषेक आणि थडग्यातून उठणारा ख्रिस्त येतो, तिथे पदार्थ शोधत बसण्यापेक्षा त्या काळच्या ख्रिस्ती श्रद्धेचं ज्ञान कामाला येतं. सगळ्याच किमयेला आध्यात्मिक साधना मानण्याची रीत मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, आणि मनाचा प्रवास मानण्याची मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९४४ च्या पुस्तकाने पक्की केलेली. युंग रोचक आहे, पण लांडग्याचं उत्तर त्याच्याकडे मागू नका.

‘बारा किल्ल्यां’मध्ये ही सीमा स्पष्ट दिसते. तिसऱ्या किल्लीत पुढे ड्रॅगन आणि मागे कोंबडा नि कोल्हा एकमेकांना खाताना आहेत. प्रिन्सिपी यांच्या वाचनानुसार इथे सोनं आम्लात विरघळवून ऊर्ध्वपातनाने पुन्हा पुन्हा वर चढवायचं आहे. सोनं असं उडत नाही, हे कुणीही सांगेल. पण पुरेशा फेऱ्या केल्या तर सोन्याचं क्लोराइड खरोखर वाफेबरोबर वर जातं, आणि प्रयोगशाळेत ते करून दाखवलं गेलं आहे. पुढच्या किल्ल्यांमध्ये मात्र भट्टीत पडताळता येतील अशा खुणा विरळ होत जातात. तिथे लेखक केलेलं काम सांगत नाही, आपल्या सिद्धांतानुसार पुढे काय घडायला हवं ते सांगतो. तिथून पुढे वहीच्या समासात पदार्थांची नावं लिहिणं थांबवा. त्याऐवजी लेखकाला काय घडावंसं वाटत होतं ते लिहा, आणि ते ‘केलं’ या रकान्यात न घालता ‘अपेक्षा’ या वेगळ्या रकान्यात ठेवा.